धावपटूची विद्यापीठनिवड

अमेरिकेतील विद्यापीठांनी क्रीडानिपुण विद्यार्थ्यांना आपल्याकडे ओढण्याची प्रथा जुनी असली, तरी धावणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत त्यांचा हात नेहमीच आखडता राहिला. १९३३ साली क्लीव्हलंडच्या ईस्ट टेक्निकल शाळेतील जेसी ओवेन्सने शंभर यार्डांच्या शर्यतीत ९.४ सेकंदांच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली, तेव्हा तो आपल्याकडे यावा अशी इच्छा अनेक विद्यापीठांना झाली. परंतु ज्या ओहायो स्टेट विद्यापीठात तो अखेर दाखल झाला, तेथे त्याला ना शिष्यवृत्ती मिळाली, ना कृष्णवर्णीय म्हणून वसतिगृहात जागा, आणि कोलंबसच्या राज्य विधानभवनात लिफ्ट चालवून त्याला चरितार्थ चालवावा लागला. २५ मे १९३५ रोजी अ‍ॅन आर्बर येथे अवघ्या पाऊण तासात त्याने जागतिक विक्रमांची जी रास रचली, तिने त्या विद्यापीठाला मिळालेली कीर्ती आणि त्याच्या पदरी पडलेले साह्य यांतील तफावत मला आजही घोर अन्यायाची वाटते.

१९५६ साली एनसीएए या नियामक संस्थेने कौटुंबिक ऐपत न पाहता केवळ क्रीडागुणांवर शिष्यवृत्ती देण्याची मुभा दिली. आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांनी मात्र ती कधीच स्वीकारली नाही. मुलींच्या वाट्याला तर १९७२च्या समानतेच्या कायद्यापर्यंत फारसे काही आलेच नाही.

पुढे प्रथम श्रेणीच्या विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्यांची तरतूद असताना, मैदानी खेळांच्या पुरुषसंघाला १२.६ आणि स्त्रीसंघाला १८ एवढीच कमाल मर्यादा ठरली, व प्रशिक्षक तिचे तुकडे करून धावपटू, उडीपटू, फेकपटू यांत वाटू लागले. त्यामुळे घराघरांत जो हिशेब मांडला जाऊ लागला तो मोठा क्लेशदायक होता: परराज्यातील सरकारी विद्यापीठाने चतुर्थांश शिष्यवृत्ती देऊ केली, तरी तेथे परप्रांतीयांकडून घेतले जाणारे जबर शुल्क ध्यानी घेता, स्वतःच्या राज्यातील विद्यापीठात एक छदामही साह्य न घेता शिकणे पुष्कळदा स्वस्त पडे, आणि ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली मुलाची गुणवत्ता फुलली असती, त्याला केवळ खर्चापायी नकार कळवावा लागे.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने शिष्यवृत्त्यांची ही मर्यादा उठली खरी, परंतु ही तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत मैदानी खेळांच्या संघातील खेळाडूंची संख्या ४५ वर बांधली गेली, आणि कोणत्याही साह्याविना, स्वखर्चाने संघात शिरू पाहणाऱ्या सामान्य धावपटूची जुनी वाट त्यामुळे अरुंद झाली.