राक्षसांचे राक्षस

बकासुराची गोष्ट ऐकल्यावांचून महाराष्ट्रांतलें मूल सहसा मोठें होत नाहीं. एकचक्रा नगरींतून गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस त्या राक्षसाकडे जावयाचा; एके दिवशीं त्या माणसाच्या जागीं भीमसेन गेला आणि राक्षसाचा भात स्वतःच जेवूं लागला, हा भाग मुलांस विशेष आवडतो. आमच्या लहानपणीं तो आम्हांसहि आवडे. पुढें अध्यापनाच्या निमित्तानें मध्ययुगीन आशियाच्या इतिहासाचीं पुस्तकें चाळीत असतां जवळजवळ अशाच करारावर जेवणारा दुसरा एक राक्षस आम्हांस भेटला. त्याचा आहार रोज दोन माणसें व पांचशें मेंढ्या. ज्यांनीं त्याची कथा रचिली ते ओगूझ नांवाचे तुर्क लोक; घोडे, उंट, मेंढरें आणि नमद्याचे तंबू बरोबर घेऊन चराऊ कुरणांमागें फिरणारे. आणि चमत्कार असा कीं, अशा फिरत्या लोकांनाच त्यांचे नगरवासी शेजारी शतकानुशतकें पशूंत व राक्षसांत जमा करीत आले होते. ज्यांची राक्षस म्हणून अपकीर्ति झाली, त्यांच्या तंबूंत रात्रीं मुलांना कोणत्या राक्षसाची गोष्ट सांगत असतील, हा प्रश्न आम्हांस तेव्हांपासून सुटलेला नाहीं.

आधीं अपकीर्तीचा भाग सांगूं. इसवी सनाच्या चवथ्या शतकाच्या अखेरीस अमिएनस मार्सेलिनस ह्या रोमन इतिहासकारानें हूणांचें वर्णन लिहिलें. (आपल्या स्कंदगुप्ताच्या लेखांतील हूण ते हेच काय, हा वाद निराळा.) हे लोक म्हणजे दोन पायांचीं जनावरें, पुलाच्या कठड्यावर ओबडधोबड कोरलेल्या लांकडी ओंडक्यांप्रमाणें यांचे देह, हे मांस शिजवीत नाहींत, तर आपली मांडी व घोड्याची पाठ यांमध्यें दाबून कोमट करून खातात, यांस घर ठाऊक नाहीं, आणि यांच्यापैकीं कोणास ‘तुझा जन्म कोठला’ असें विचारलें तर सांगतां येत नाहीं. अमिएनस शूर शिपाई होता व इतर बाबतींत विश्वासार्ह लेखक आहे. परंतु तो हूणांमध्यें कधीं राहिल्याचें दिसत नाहीं. ५५१ सालच्या सुमारास कॉन्स्टॅन्टिनोपल येथें जोर्डानीझ यानें ह्याच्याहि पुढें मजल मारली. त्याच्या मतें गॉथ लोकांच्या फिलिमर नांवाच्या राजानें आपल्या लोकांतल्या कांहीं चेटकिणी अरण्यांत हांकून दिल्या; तेथें भटकणाऱ्या पिशाच्चांशीं त्यांचा संबंध झाला आणि त्या संततीस हूण हें नांव पडलें. म्हणजे निंदेला वंशावळहि मिळाली.

वास्तविक त्याच्या शंभर वर्षें आधीं हूणांच्या घरीं जेवून आलेल्या एका गृहस्थाचा वृत्तान्त उपलब्ध होता. प्रिस्कस हा ४४९ सालीं रोमन वकिलातीबरोबर अट्टिलाच्या दरबारीं गेला होता. वाटेंत वादळानें तंबू उडाला, तेव्हां गांवकऱ्यांनीं वेताच्या चुडी पेटवून ह्या परक्यांना घरांत घेतलें, आणि त्या गांवची मालकीण, अट्टिलाच्या मयत भावाची बायको, हिनें त्यांस अन्न धाडिलें. अट्टिलाच्या मेजवानींत पाहुण्यांपुढें रुप्याचीं ताटें होतीं. यजमानापुढें लांकडी ताट व लांकडी पेला. संध्याकाळीं दोघां भाटांनीं लढायांचीं गाणीं म्हटलीं तेव्हां वृद्धांच्या डोळ्यांस पाणी आलें. धाकटा मुलगा जवळ आला तेवढा अट्टिलाचा चेहरा निवळला. प्रिस्कसची हकीकत तुकड्यातुकड्यांनीं शिल्लक आहे. अमिएनसचीं जनावरें मात्र शाळेंतल्या पुस्तकापर्यंत पोंचलीं.

आठशें वर्षांनंतर तोच खेळ मोंगलांच्या बाबतींत झाला. इंग्लंडांतील सेंट ऑल्बन्स मठाचा बखरकार मॅथ्यू पॅरिस यानें ‘तातार’ या नांवांत एक र घुसडून ते नरकांतून, म्हणजे टार्टरसमधून, आले अशी कोटी नोंदविली आहे, आणि त्याच्या ग्रंथांत सळईवर माणूस भाजणाऱ्या तातारांचें चित्रहि आहे. त्यानें एकहि मोंगल पाहिला नव्हता. त्याच्याच ग्रंथांत १२३८ सालची एक नोंद अशी आहे कीं, तातारांच्या भयानें गॉटलंड व फ्रीसलंडचे व्यापारी यारमथच्या बंदरास आले नाहींत, त्यामुळें हेरिंग मासळी मातीमोल झाली. गिबननें ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या तळटीपेंत मोठ्या चवीनें दिली आहे. आम्हांस राक्षसापेक्षां ही मासळीच अधिक खरी वाटते. इंग्रजींतला ‘ओगर’ हा शब्द ‘हंगेरियन’ या नांवापासून, म्हणजे घोड्यांवरून आलेल्या मग्यार लोकांच्या दहशतींतून निघाला, असें एकोणिसाव्या शतकांत कित्येक विद्वान म्हणत. आतां तो लॅटिन ‘ऑर्कस’पासून, म्हणजे पाताळाच्या देवाच्या नांवापासून, आला असावा असें बहुतेकांचें मत आहे. व्युत्पत्ति चुकली खरी. पण ती इतक्या सहज सुचली आणि पटली, हेंच बोलकें आहे.

आतां ओगूझांकडे वळूं. ९२१ सालीं बगदादच्या खलीफाच्या वकिलातीबरोबर निघालेला इब्न फदलान यांच्या प्रदेशांतून गेला. वाट चुकलेल्या रानगाढवांसारखे हे लोक, आणि यांस पाण्याचा स्पर्श म्हणून ठाऊक नाहीं, असें तो नाक मुरडून लिहितो. तरी तोच पुढें सांगतो कीं, तेथून जाणारा प्रत्येक मुसलमान व्यापारी त्यांच्यांत एक मित्र करून त्याच्याकडे उतरतो, आणि हा यजमान त्याला पुढल्या प्रवासासाठीं जनावरें व पैसे उसने देतो. रानगाढवें कर्ज देतात व तें फेडून घेतात, ही विसंगति त्याच्या ध्यानांत आली नाहीं. ह्या ओगूझांच्या पुढल्या पिढ्या इराण, अनातोलिया व आझरबैजानपर्यंत पसरल्या. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक हा ओगूझांच्याच काराकोयुन्लू, म्हणजे ‘काळ्या मेंढीच्या’, घराण्यांतला होता. तेव्हां हे लोक आपणांस वाटतात तितके दूरचे नव्हेत.

यांच्या कथा ‘देदे कोर्कुत’ या वृद्ध शाहिराच्या नांवानें सांगितल्या जात. सोळाव्या शतकांतली बारा कथांची एक हस्तलिखित प्रत ड्रेस्डेन येथें आहे, सहा कथांची एक व्हॅटिकनमध्यें. त्यांतच आमचा राक्षस आहे. त्याचें नांव तेपेगोझ. म्हणजे टाळूवर डोळा असलेला.

कथेचा आरंभ पळापळींत होतो. रात्रीं शत्रु आला, ओगूझ तळ उठवून निघाले, आणि त्या गडबडींत अरूझ नांवाच्या सरदाराचें तान्हें मूल वाटेंत पडलें. त्याला सिंहिणीनें वाढविलें. पुढें तें सांपडलें, घरीं आणलें. तरी तें पुन्हां पुन्हां रानांत पळे. अखेर देदे कोर्कुतनें त्याची समजूत घातली व त्याचें नांव बासात ठेविलें. पुढें अरूझाचा एक धनगर उन्हाळी कुरणांकडे जातांना एका झऱ्यापाशीं आला. तेथें पऱ्या उतरल्या होत्या. (हा ‘परी’ शब्द त्यांनीं व आपण दोघांनींहि फारसींतूनच घेतला.) धनगरानें आपली नमद्याची घोंगडी एकीवर टाकली आणि तिच्यावर बलात्कार केला. उडून जातां जातां ती म्हणाली कीं, वर्षानें ये आणि तुझी ठेव घेऊन जा. पण तूं ओगूझांवर अरिष्ट आणलें आहेस. वर्षानें तेथें एक चकाकणारा गोळा पडलेला होता. धनगरानें गोफणीनें दगड मारला, तो गोळा वाढला. धनगर पळाला. मागून सरदारमंडळी आली. एकानें लाथ मारली, तो आणखी वाढला. दुसऱ्यानें मारली, आणखी वाढला. अरूझाच्या टांचेची आर लागून तो फुटला, आणि आंतून एक डोळ्याचें मूल निघालें. अरूझ म्हणाला, ‘हें मला द्या, माझ्या बासातबरोबर वाढवीन.’

येथें आम्ही क्षणभर थांबतों. जोर्डानीझनेंहि राक्षसाची उत्पत्ति सांगितली आणि ओगूझांनींहि. एकानें परक्या राष्ट्राच्या कपाळीं पिशाच्च बाप मारला. आणि त्याची माता आपल्याच लोकांनीं हांकलून दिली होती, हें त्याला लिहितांना खटकलेंहि नाहीं. दुसऱ्यांनीं बाप आपल्यांतला सांगितला, त्याचा अपराध सांगितला, लाथा मारणारे सरदार आपले सांगितले, आणि तें मूल आपल्याच तंबूंत दाईच्या मांडीवर ठेविलें. दाईचें दूध त्यानें ओढलें, मग रक्त, मग प्राण. अशा कित्येक दाया गेल्या. खेळगड्यांचीं नाकें व कान तो खाऊं लागला, तेव्हां अरूझानें त्याला मारून घरांतून घालविलें. वाटेंत परी आई भेटली व तिनें बोटांत अंगठी घातली, जिच्यामुळें बाण रुतूं नये कीं तलवार चालूं नये. पुढें तो डोंगरावर बसला आणि ओगूझांना खाऊं लागला. फिरत्या लोकांचा नेहमींचा उपाय म्हणजे तळ हलविणें. त्यांनीं सात वेळां तो करून पाहिला, सातहि वेळां त्यानें त्यांस माघारीं वळविलें. घरांत वाढलेल्या राक्षसापासून तंबू उचलून पळतां येत नाहीं, हें भटक्यांना जितकें कळलें तितकें नगरवासीयांना कळलेलें आम्हीं क्वचितच पाहिलें आहे.

मग करार. त्यानें रोज साठ माणसें मागितलीं. देदे कोर्कुतनें घासाघीस करून तीं दोनांवर आणि पांचशें मेंढ्यांवर आणिलीं. चार मुलगे असत त्यानें एक द्यावा, तीन असत त्यानेंहि एक, दोन असत त्यानेंहि एक. एका बाईनें एक दिला होता, आणि फिरून पाळी आली तेव्हां दुसऱ्याचाच नंबर आला. ह्याच वेळीं बासात स्वारीवरून परतला. त्या मुलाच्या बदलीं देण्यासाठीं त्यानें तिला एक कैदी दिला. (तो कैदीहि कोणाचा तरी मुलगा असेल, ही गोष्ट कथा विसरते.) तिच्याच तोंडून आपला भाऊ राक्षसानें मारल्याचें त्याला कळलें. पुढचा प्रसंग इंग्रजी शिकलेल्या वाचकांस ओळखीचा वाटेल: तापलेल्या सळईनें डोळा फोडणें, मेंढ्याच्या कातड्याखालून गुहेबाहेर निसटणें. होमरच्या पॉलिफीमसशीं असलेलें हें साम्य पाहून डीझ नांवाच्या जर्मन पंडितानें १८१५ सालीं ही कथा प्रसिद्ध केली व ओगूझांचीच मूळ असें प्रतिपादिलें. १८५७ सालीं विल्हेल्म ग्रिमनें अशा कथांवर स्वतंत्र निबंध लिहिला. कोणीं कोणाचें उचललें ह्या वादांत आम्हांस गोडी नाहीं. होमरचा वीर परद्वीपांतल्या गुहेंत आगंतुक म्हणून शिरतो. बासात आपल्या दूधभावाच्या गुहेंत शिरतो. आंधळा झालेला तेपेगोझ त्याला नांव विचारतो, तो सांगतो, तेव्हां राक्षस म्हणतो, मग आपण भाऊ आहों, मला मारूं नको. बासात त्याला नातें नाकारीत नाहीं. ज्यांना रडविलेंस त्यांचीं नांवें तेवढीं तो मोजून दाखवितो, आणि मान उडवितो.

आपल्या महाभारतालाहि ही बाजू अगदींच अनोळखी नाहीं. एकचक्रेचा राजा दुबळा, म्हणून बक त्या प्रांताचें रक्षण करी व त्याचें वेतन घेई, असें तो ब्राह्मणच कुंतीला सांगतो. हिडिंबेचा घटोत्कच तर पांडवांच्याच रक्ताचा. तो पडला तेव्हां पांडव शोक करीत असतां श्रीकृष्णाला हर्ष झाला, आणि त्याचें कारण ऐकतांना आम्हांस कधींहि बरें वाटलेलें नाहीं. मोंगलांच्या गेसर काव्यांतला बारा डोक्यांचा मांगूस आपल्या पोपटांत प्राण ठेवणाऱ्या राक्षसाचा सख्खा भाऊ शोभतो. त्याचेहि प्राण देहाबाहेर लपविलेले असतात आणि एक स्त्री तें गुपित काढून घेते. परंतु राक्षस मेल्यावर वीराला विस्मृतीचें अन्न मिळतें आणि तो वर्षानुवर्षें त्याच राक्षसाच्या वाड्यांत सुखानें राहतो, हा भाग आमच्या आजीच्या गोष्टींत नव्हता.

हें सारें दूर देशींचें म्हणून सोडून देण्यासारखें नाहीं. १८७१ सालच्या कायद्यानें इंग्रज सरकारनें हिंदुस्थानांतील कित्येक जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविण्यास आरंभ केला: नांवांची नोंद, पोलिसांपुढें हजेरी, हालचालीवर बंदी. पुढें सोलापुरासारख्या ठिकाणीं कुंपण घातलेल्या वसाहती झाल्या. जोर्डानीझची वंशावळच ती, फक्त सरकारी शाईनें लिहिलेली. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पण माळावरच्या पालांकडे बोट दाखवून, ‘जेवला नाहींस तर त्यांच्या झोळींत घालीन,’ असें मुलांना भिवविण्याची चाल आमच्या घरीं होती. आणि अशा घरांत जेवून मोठे झालेलेच पुढें मामलेदार, फौजदार व प्रोफेसर होत असत. त्या पालांत मुलांना भिवविण्यासाठीं कोणाकडे बोट दाखवीत, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. विचारावयाला पाहिजे होतें.

ओगूझांच्या बाराव्या कथेंत अरूझ पुन्हां येतो. कझान बेगची चाल अशी कीं, अधूनमधून त्यानें आपला तंबू सर्व ओगूझांकडून लुटवावा. एकदां आंतल्या ओगूझांनीं लूट केली, बाहेरचे राहून गेले. अरूझ हा बाहेरच्यांचा पुढारी आणि कझानचा सख्खा मामा. तो रुसला. त्याचें वैर झालें, त्यानें कझानच्या मित्राला आपल्या घरीं बोलावून ठार केलें, आणि शेवटीं लढाईंत भाच्याच्या हातून त्याचें डोकें गेलें. त्या कथेंत राक्षस कोणी नाहीं.