बॅटमॅन जोकरला ठार का मारत नाही? एका नियमाचा इतिहास

१/
प्रश्न जुना आहे आणि दर नव्या चित्रपटानंतर तो पुन्हा विचारला जातो. जोकर माणसे मारतो, पकडला जातो, पळून जातो आणि पुन्हा माणसे मारतो. त्याला कायमचे संपवण्यास बॅटमॅन नकार देतो, तो नकार नैतिक कसा? उत्तर शोधण्यापूर्वी हा नियम कधी आणि कोणी घडवला, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/
आरंभीचा बॅटमॅन ठार मारत असे. बिल फिंगर आणि बॉब केन यांचा हा नायक मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात अवतरला. त्याच पहिल्या कथेत त्याच्या ठोशाने एक गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडून मरतो. बॅटमॅनला त्याची खंत वाटत नाही. ३२ व्या अंकात तो शवपेटीत निजलेल्या रक्तपिपासू पिशाचांवर चांदीच्या गोळ्या झाडतो.

३/
त्याच्या आईवडिलांच्या खुनाची कथा ३३ व्या अंकात, नोव्हेंबर १९३९ मध्ये आली. बंदुकीने आईवडील हिरावले म्हणून त्याने बंदूक वर्ज्य केली, असे आज आपण सहज म्हणतो. परंतु १९४० च्या वसंतात निघालेल्या ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकातही तो विमानातून मशीनगन चालवतो. दुःख आधी आले, नियम नंतर आला आणि दोहोंची सांगड त्याहूनही नंतर घातली गेली.

४/
नियम आला तो संपादकाच्या टेबलावरून. एप्रिल १९४० मध्ये रॉबिन हा बालसाथी कथेत आला होता. वाचकवर्ग मुलांचा होता, पैसे पालकांचे होते. ८ मे १९४० रोजी स्टर्लिंग नॉर्थ यांनी ‘शिकागो डेली न्यूज’मध्ये कॉमिक्सवर कडाडून टीका केली. अशा वातावरणात संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी ठरवले, की बॅटमॅन यापुढे बंदूक वापरणार नाही आणि जीव घेणार नाही.

५/
याच एल्सवर्थ यांचा दुसरा निर्णय अधिक रंजक आहे. ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात जोकरचा जन्म झाला आणि त्याच अंकाच्या शेवटी तो मरणार होता. एवढा उत्तम खलनायक एका अंकात वाया घालवू नये, म्हणून एल्सवर्थ यांनी शेवटी एक चौकट वाढवायला लावली. तीत जोकर वाचणार असल्याचे कळते.

६/
हे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहा. नायकाने मारायचे नाही आणि खलनायकाने मरायचे नाही. ज्या नैतिक पेचावर आज तासन्‌तास वाद रंगतात, तो एकाच संपादकाच्या दोन व्यावसायिक निर्णयांतून उभा राहिला. जोकर पुन्हापुन्हा सुटतो, कारण पुढचा अंक विकायचा असतो. तो सुटणारच हे वाचकाला ठाऊक असते. कथेतल्या बॅटमॅनला ते ठाऊक नसते.

७/
मग हा नियम पोकळ ठरतो का? इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे सावध राहावे. १२१५ चा मॅग्ना कार्टा इंग्लंडच्या सरदारांनी स्वतःच्या हितासाठी राजाकडून मिळवला. पुढील शतकांत तोच सामान्यांच्या हक्कांचा आधार मानला गेला. एखादे तत्त्व कोणत्या हेतूने जन्मले, यावरून ते आज टिकते की नाही हे ठरत नाही. त्याची परीक्षा स्वतंत्रपणे करावी लागते.

८/
ही परीक्षा १९८८ मध्ये कठीण झाली. जोकरच्या तावडीत सापडलेला दुसरा रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगावा की मरावा यावर प्रकाशकांनी वाचकांकडून दूरध्वनीवरून मते मागवली. मरणाच्या बाजूने ५,३४३ आणि जगण्याच्या बाजूने ५,२७१ मते पडली. ७२ मतांनी जेसन मेला. जोकरने मरावे का, हे मात्र वाचकांना विचारलेच गेले नाही.

९/
पुढे कथेत जेसन परत आला आणि त्याने बॅटमॅनला नेमका हाच जाब विचारला. २०१० च्या ‘अंडर द रेड हूड’ या ॲनिमेशनपटात बॅटमॅनच्या उत्तराचा आशय असा: मारणे फार सोपे आहे, पण एकदा त्या वाटेला गेलो तर परतता येणार नाही. मला हे उत्तर अपुरे वाटते. त्यात स्वतःच्या मनाची काळजी अधिक आणि जोकरच्या पुढच्या बळीची कमी आहे.

१०/
अधिक भक्कम उत्तर अधिकाराच्या प्रश्नात आहे. बॅटमॅन मुखवटा घालतो. त्याला कोणी निवडून दिलेले नाही, त्याच्या निर्णयावर अपील नाही, चूक झाली तर जाब विचारण्यासाठी त्याचे खरे नावही ठाऊक नाही. असा माणूस गुन्हेगाराला पकडून देतो तोवर अंतिम निर्णय न्यायालयाकडे राहतो. त्याने शिक्षाही दिली, तर तोच पोलीस, तोच न्यायाधीश आणि तोच जल्लाद.

११/
एक भेद मात्र करायला हवा. कोणावर सुरी उगारलेली असताना तिला रोखताना हल्लेखोर मेला, तर बचावाचा हक्क कायदाही मानतो. तेथेही हात आखडणारा नियम मला समर्थनीय वाटत नाही. हातपाय बांधलेल्या कैद्याला मारणे ही निराळी गोष्ट आहे. बॅटमॅनच्या नकाराचे खरे मोल या दुसऱ्या प्रसंगी आहे.

१२/
याउलट वागणारा नायकही कॉमिक्सने दिला. १९७४ मध्ये ‘स्पायडर-मॅन’च्या कथेत पनिशर आला, तो गुन्हेगारांना सरळ ठार मारतो. त्याच्या छातीवरची कवटी पुढे अमेरिकेतील काही पोलिसांच्या गाड्यांवर दिसू लागली. त्याच्या निर्मात्यांपैकी गेरी कॉनवे यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. कायदा अपयशी ठरल्याचे प्रतीक कायद्याच्याच रक्षकांनी मिरवावे, हे त्यांना खटकले.

१३/
आपणही यापासून दूर नाही. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या प्रकरणातील ४ आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. विकास सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये निष्कर्ष काढला, की आरोपींवर ठार मारण्याच्या हेतूने जाणूनबुजून गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांतील ३ जण अल्पवयीन होते.

१४/
कॉमिक्समध्ये जोकरच दोषी आहे, हे आपण आधीच्या पानावर पाहिलेले असते. प्रत्यक्षात ते पान कोणालाच दिसत नाही. ते शोधण्यासाठीच खटला चालवायचा असतो. एल्सवर्थ यांनी हा नियम कदाचित केवळ विक्रीसाठी केला असेल. तरीही, पकडलेला माणूस जिवंत न्यायालयापर्यंत पोहोचला पाहिजे, एवढी गोष्ट त्यांचा बॅटमॅन गेली ८० वर्षे पाळत आला आहे. फुले उधळणाऱ्या गर्दीत आपण असतो, तर ती पाळली असती का?

मतभेद असतील तर प्रतिसादांत जरूर मांडा. पुराव्यासह मांडलेत तर अधिक आनंद.