ग्लायडर ओढणारी मोटार

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचे विमान. त्याला मोटार कशाला हवी?

१९२० साली जर्मनीतील वासरकुप्पे या डोंगरावर ग्लायडरच्या स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा हा प्रश्न नव्हताच. व्हर्साय तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने घातली होती, म्हणून तेथील तरुण ग्लायडरकडे वळले. उतारावरून सुटायचे, फार तर पायथ्याशी उतरायचे आणि ग्लायडर ओढत पुन्हा वर न्यायचे. पण १९२६ मध्ये माक्स केगेल वादळी ढगात ओढला गेला आणि ५५ किलोमीटर दूर जाऊन उतरला. १९२९ मध्ये रॉबर्ट क्रोनफेल्डने शंभरी ओलांडली. १९३५ साली तर चार वैमानिक ५०४ किलोमीटरवरच्या चेकोस्लोव्हाकियातील ब्रनोला पोचले. उड्डाण जितके यशस्वी, तितके घर लांब! मग शेतात उतरलेल्या ग्लायडरचे पंख सोडवायचे, सारे ट्रेलरवर चढवायचे आणि मोटारीमागे जोडून रस्त्याने आणायचे, हा रिवाज पडला.

मोटार कोणती निवडावी? आपण पटकन म्हणू, भरपूर अश्वशक्तीची. पण १५ मीटर पंखविस्ताराचे आजचे एकआसनी ग्लायडर सुमारे अडीचशे किलोचे असते. ट्रेलर धरूनही ओझे सहसा टनाच्या आतच राहते. खरी अडचण लांबीची आहे. आठ-नऊ मीटरच्या या हलक्या पेटीला आडवा वारा लागला, की ती डोलू लागते आणि मोटारीची मागची बाजू डावीउजवीकडे ढकलते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला, तर डोलणे आपोआप शमत नाही. प्रत्येक हेलकाव्यासरशी वाढते आणि गाडी उलटू शकते. अशा वेळी वेग वाढवून ट्रेलर सरळ करू पाहणे घातक ठरते. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून सुकाणू स्थिर धरावे.

म्हणून मोटार ट्रेलरपेक्षा जड हवी. ब्रिटनमध्ये कॅरव्हॅन ओढणाऱ्या नवख्यांना सांगतात, की मागचे वजन मोटारीच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. जोडही मागच्या चाकांच्या जितका जवळ, तितका बरा. येथे तरफेचा नियम आठवावा. ट्रेलरचा थोडा भार जोडावर असावाच लागतो. मागची चाके हा टेकू धरला, तर या भाराने मोटारीचे नाक किंचित उचलले जाते. जुन्या मोटारींत इंजिन मागची चाके फिरवी, तेव्हा हा भार उपयोगीच पडे. १९५९ च्या मिनीनंतर पुढची चाके फिरवणाऱ्या छोट्या मोटारींचा प्रसार झाला आणि ओल्या गवतात, चढावर, ही हलकी झालेली चाके जागीच फिरू लागली. ग्लायडर उतरते ते तर शेतात! चारही चाकांना गती देणारी मोटार येथे चैन नव्हे, असे आम्हाला वाटते.

भार जोडावर का हवा, हे वर्गात पाहता येईल. खेळण्यातल्या मोटारीला दोन चाकांचा पुठ्ठ्याचा लांब ट्रेलर सैल टाचणीने जोडा आणि उतरत्या फळीवरून सोडा. आधी लोखंडी नट ट्रेलरच्या चाकांच्या पुढे ठेवा, मग मागे. दोन्ही वेळा धावत्या ट्रेलरला बोटाने हलकेच बाजूला ढकला. नट तेच ठेवा, फक्त जागा बदला.