सुरतेच्या औषधी कुप्या

मराठी वाचकाला सुरत आठवते ती १६६४ आणि १६७० या दोन सालांमुळे. ज्या व्यापाराने हे बंदर संपन्न झाले, त्यात औषधी द्रव्यांचाही वाटा होता, हे मात्र सहसा ध्यानी येत नाही. इंग्रज कंपनी येथे पारा आणि हिंगूळ विकावयास आणीत असे. इराणच्या किनाऱ्याकडून हिंग आणि गुलाबपाणी येई.

डच जहाजांवर चौकोनी बाटल्या असत. लाकडी पेटीच्या खणांत त्या घट्ट बसत आणि लाटांच्या धक्क्यांनी एकमेकींवर आदळत नसत. अठराव्या शतकात याच घडणीच्या बाटल्यांवर गुजरातच्या कारागिरांनी सोनेरी वेलबुट्टी आणि स्त्रियांची चित्रे रंगविली. आज त्या परदेशी संग्रहालयांत दिसतात. त्यांत अत्तर होते, औषधी अर्क होता की मद्य, हे नुसत्या आकारावरून ठरविता येत नाही.

येथेच संग्राहकांविषयी माझी तक्रार आहे. तळावरील फुंकनळीचा व्रण, साच्याची शीण, घासून बसविलेले काचेचे बूच हे सारे ते बारकाईने पाहतात, आणि आतला गाळ मात्र धुऊन टाकतात! रसायनज्ञाला त्या चिमूटभर गाळातून पारा किंवा सोमल ओळखता येतो. गाळ गेला की उरते ती केवळ शोभेची वस्तू. अर्थात कुतूहलापोटी बूच काढून वास घेणे हाही शहाणपणा नव्हे; शंभर वर्षांनीही सोमलाचे विष उतरत नाही. एकोणिसाव्या शतकात विलायतेत विषाच्या बाटल्यांवर उभे कंगोरे काढीत, ते अंधारातही हाताला धोका कळावा म्हणून.

या शहराचा औषधांशी संबंध जुन्या वखारींबरोबर संपला नाही. १८६३ साली सुरतेत जन्मलेले त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे बडोद्याच्या कलाभवनाचे पहिले प्राचार्य. त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यासह १९०७ मध्ये ‘अलेंबिक’ कारखाना उभा राहिला. हे नाव अर्क काढण्याच्या पात्राचे, अरबीतून आलेले. आरंभी तेथे टिंक्चरे आणि अल्कोहोल तयार होई. टिंक्चरची अशी जुनी देशी बाटली कोणाच्या माळ्यावर सापडली, तर ती बहुधा भंगारवाल्याकडे जाते. विलायती बाटलीला तेवढी काचेच्या कपाटात जागा मिळते.