चौकातली समता: सायकलमार्गाचा इतिहास काय शिकवतो?

रस्ता तटस्थ असतो, नियम सर्वांना सारखे असतात, असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. आम्हाला हे मान्य नाही. या देशात रस्ता कधीच तटस्थ नव्हता. १९२४ साली त्रावणकोरमध्ये वायकोमचा सत्याग्रह झाला तो मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालता यावे म्हणून. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सार्वजनिक तळ्याचे पाणी प्राशन केले. भारतीय संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द आला आहे. तो उगाच आलेला नाही. त्यामागे पिढ्यांचा संघर्ष आहे.

कायद्याने रस्ता खुला झाला. पण त्या रस्त्यावरचा चौक सुखरूप ओलांडण्याचा हक्क सर्वांना मिळाला का? २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६० लाख लोक कामावर सायकलने जात होते. हे हौशी सायकलपटू नव्हेत. हा रात्रपाळीचा वॉचमन आहे, एमआयडीसीतला कंत्राटी कामगार आहे, रंगाचे डबे हँडलला लटकवून निघालेला रंगारी आहे. यांच्यात आपली माणसे किती, हे वस्तीत राहणाऱ्याला आकडेवारीवाचून कळते. म्हणून चौकात सायकलमार्ग कसा असावा, हा विषय इंजिनिअरांवर सोडून देण्यासारखा नाही.

सरळ रस्त्यावर मागून येणारी गाडी सायकलला निदान ओलांडून जाऊ शकते. चौकात दोघांच्या वाटा एकमेकींना छेदतात. सायकलस्वार डाव्या कडेने सरळ निघालेला असतो आणि त्याच्या उजवीकडचा ट्रक अचानक डावीकडे वळतो. उंच केबिनमधल्या ड्रायव्हरला अगदी खेटून असलेला सायकलस्वार आरशातही दिसत नाही. अशा वेळी 'बघून चालवा' हा उपदेश कुचकामी आहे, कारण बघायची सोयच तिथे नाही. दोष एका ड्रायव्हरच्या स्वभावात शोधला जातो, पण तो चौकाच्या आखणीत असतो.

यावर उत्तर शोधले नेदरलँड्सने. तो देश मुळातच सायकलींचा, तिथली माणसे मुळातच शिस्तीची, असे आपल्याकडे बोलले जाते. इतिहास वेगळे सांगतो. १९२४ साली तिथल्या सरकारने सायकलवर कर बसवला. कर भरल्याची छोटी धातूची पट्टी सायकलला लावावी लागे. त्या पैशातून पुढे रस्ते बांधले गेले आणि त्या रस्त्यांवर मोटारी धावल्या. कर परवडत नसलेल्या गरिबांना फुकट पट्टी मिळे, पण तिला भोक पाडलेले असे. कोण गरीब आहे, ते भर रस्त्यात दिसावे! माणसावर खूण उमटवण्याची ही रीत आपल्याला चांगली परिचयाची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे मोटारींची संख्या भराभर वाढली आणि शहरे मोटारींसाठी फोडली जाऊ लागली. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. मग लोक उठले. १९७२ साली ॲमस्टरडॅमच्या 'द पैप' या दाटीवाटीच्या कामगारवस्तीतल्या मुलांनी खेळायला रस्ता मोकळा हवा म्हणून मोहीम चालवली. त्याच वर्षी विक लांगेनहॉफ या पत्रकाराने वर्तमानपत्रातून हाक दिली. त्यांची स्वतःची मुलगी मोटारीखाली गेली होती. त्यांच्या लेखाचे शीर्षक होते 'बालहत्या थांबवा', आणि त्याच नावाची संघटना उभी राहिली. शब्द नीट पाहा. त्यांनी 'अपघात' म्हटले नाही, 'हत्या' म्हटले. अपघाताला कोणी जबाबदार नसते, हत्येला असते. अन्यायाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणे ही चळवळीची पहिली पायरी असते.

१९७३ च्या तेलसंकटाने या मागणीला बळ दिले. १९७५ साली सायकलस्वारांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. सरकारने टिलबर्ग आणि हेग या शहरांत सायकलमार्गांचे प्रयोग केले. त्यातून धडा मिळाला की एखादा देखणा मार्ग बांधून भागत नाही, सबंध शहरभर जाळे लागते. पुढे डेल्फ्ट शहरात असे जाळे विणले गेले. २०१४ साली त्या देशातले रस्त्यांवरचे मृत्यू ५७० वर आले होते, तेही लोकसंख्या आणि मोटारी दोन्ही वाढलेल्या असताना. यात सगळे श्रेय सायकलमार्गांचे नाही, पण त्यांचा वाटा मोठा आहे.

या काळात त्यांच्या चौकाची जी रचना घडत गेली, ती आपल्या डाव्या बाजूच्या वाहतुकीला लावून पाहू. चौकाच्या प्रत्येक कोपऱ्यात दगडी कडेचे एक छोटे उंच बेट असते. त्यामुळे वळणारी गाडी कोपरा कापू शकत नाही, तिला वेग कमी करावाच लागतो. सायकलमार्ग बेटाच्या आतून जातो आणि रस्ता ओलांडण्याची जागा मुख्य रस्त्यापासून साधारण एका मोटारीच्या लांबीइतकी आत सरकवलेली असते. गाडी तिथे पोचते तेव्हा जवळजवळ काटकोनात असते आणि सायकलस्वार ड्रायव्हरला समोर दिसतो. सायकलची थांबरेषा गाड्यांच्या पुढे असते. मोठ्या चौकात सायकलसाठी वेगळा सिग्नल असतो. उजवीकडे जायचे असेल तर गाड्यांच्या मधून वाट काढावी लागत नाही, दोन टप्प्यांत वळता येते. यात महागडे यंत्र कुठेही नाही. दगड, सिमेंट, रंग आणि निश्चय एवढेच लागते.

आता अमेरिकेकडे पाहा. १९७२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने केलेल्या मार्गदर्शिकेत अशा चौकाचा आराखडा आला होता. पण तिथे जॉन फॉरेस्टर यांच्यासारख्यांचा विचार प्रभावी ठरला. सायकल हे इतर वाहनांसारखेच वाहन आहे, सायकलस्वाराने मोटारचालकासारखे वागावे, त्याला वेगळा मार्ग नको, असे ते सांगत. ऐकायला ही समता वाटते. पण वीस टनांचा ट्रक आणि वीस किलोची सायकल यांना एकच नियम लावणे म्हणजे बलवानाला मोकळे रान देणे. डेव्हिस शहरात असा सुरक्षित चौक उभा राहायला २०१५ साल उजाडले. तब्बल ४३ वर्षे वाया गेली! बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा अंतर्विरोध लोकशाहीला घातक आहे. कागदावरची समता आणि जमिनीवरची विषमता यांचा तोच अंतर्विरोध चौकातही दिसतो.

कोणी म्हणेल, वेगळा मार्ग म्हणजे पुन्हा वेगळे काढणे नाही का? आपल्या समाजाला हा प्रश्न पडणे साहजिक आहे, वेशीबाहेर कोणाला ठेवले होते ते आपण विसरलेलो नाही. म्हणून कसोटी लावा. मार्ग कोणाच्या सोयीसाठी वेगळा केला आहे? गाड्यांच्या वाटेतून सायकल हटवायची म्हणून केला असेल, तर ते बहिष्कृत करणेच आहे. सायकलस्वाराला शहरात सगळीकडे सुरक्षित पोचता यावे म्हणून केला असेल, तर ते संरक्षण आहे, आरक्षणासारखेच. आणि हा फरक ओळखायचा तो चौकात. मार्ग चौकाच्या अलीकडेच संपत असेल, तर हेतू उघडा पडतो.

आपल्याकडे काय झाले? इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल ट्रॅकच्या आखणीची शिफारस १९६२ सालीच छापली होती, २०१५ साली ती सुधारली. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्याने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. ज्ञान होते, कागद होते. तरीही आपल्या शहरांतले अनेक ट्रॅक फुटपाथच्या कडेला रंगाच्या पट्ट्यासारखे पडून असतात आणि चौक आला की गायब होतात. सुरक्षा नेमकी जिथे हवी तिथेच नाही.

म्हणून आमचे तरुण कार्यकर्त्यांना सांगणे आहे: आपल्या वस्तीतून कामाला आणि शाळेला जाणारे रस्ते ज्या चौकातून जातात, त्या चौकांची यादी करा. माहिती अधिकारात त्यांचे आराखडे मागवा. टेंडर निघण्याआधी विचारा: कोपऱ्यात बेट कुठे आहे? वळणारी गाडी कशी थोपवणार? सायकलची थांबरेषा कुठे आहे? उत्तर नसेल तर निवेदन द्या, मोर्चा काढा, वॉर्डाच्या बजेटमध्ये तरतूद मागा. नेदरलँड्सलाही हे कोणी दान दिले नव्हते. रस्त्यावर चालण्याचा हक्क आपल्या पूर्वजांनी लढून मिळवला, तो रस्ता जिवंत ओलांडण्याचा हक्क आपल्याला लढून मिळवायचा आहे.

जय भीम!