बैलगाड्याचे गुन्हे आणि नसलेला रकाना

इंग्लंडचं गृहखातं दर वर्षी एक आकडेवारी जाहीर करतं. फुटबॉलच्या सामन्यांवरून वर्षभरात किती लोकांना अटक झाली, कुठल्या क्लबचे पाठीराखे किती, दारू पिऊन गोंधळ घातला म्हणून किती, मैदानात घुसले म्हणून किती, सगळं तक्त्यात मांडलेलं असतं. २०२२-२३ च्या हंगामात इंग्लंड आणि वेल्स मिळून हा आकडा २,२६४ होता. कोणीही बघावा, त्यावर वाद घालावा, आपला क्लब कितव्या नंबरवर आहे ते बघून लाजावं किंवा (काही महाभाग करतात तसा) अभिमान बाळगावा.

आता आपल्याकडे या. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत फुटबॉल कोणी फारसं खेळत नाही. फुटबॉलचं वेड बघायचं तर कोल्हापूरला जावं, तिथल्या तालमींचे सामने आणि त्यावरून होणारे राडे प्रसिद्ध आहेत. आमच्याकडचं वेड म्हणजे बैलगाडा. गावाची यात्रा, घाट, बारी, गाड्यापुढे धावणारी घोडी आणि लाऊडस्पीकरवरचं "भिर्रर्र". इंग्लंडमधल्या एखाद्या माणसाला त्याचा क्लब जितका जवळचा, तितकाच गाडामालकाला त्याचा बैल. आणि फरक असा की इथे जवळपास दहा वर्षं हा खेळच गुन्हा होता. मग साधा प्रश्न आहे. २०११ ते २०२१ या काळात जुन्नर-आंबेगावात बैलगाडा शर्यतीवरून किती लोकांवर गुन्हे दाखल झाले?

हा प्रश्न विचारला की गावाकडे प्रत्येकजण छातीठोकपणे उत्तर देतो. कोणी शेकड्यात सांगतो, कोणी हजारात. पण पोलिसांच्या गुन्ह्यांची देशभराची आकडेवारी जिथे छापली जाते त्या एनसीआरबीच्या वार्षिक अहवालात बैलगाडा शर्यत नावाचा रकानाच नाही. आज लिहायचंय ते या नसलेल्या रकान्याबद्दल.

आधी थोडी उजळणी. ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम २२ खाली ज्या प्राण्यांचे खेळ करायला बंदी आहे (वाघ, सिंह, अस्वल, माकड वगैरे) त्या यादीत बैल घातला. मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातली बंदी योग्य ठरवली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यात जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यत दोन्ही बेकायदा ठरवले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सूट देणारी नवी अधिसूचना काढली, तिला सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच स्थगिती दिली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची मंजुरीही आली, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यती सुरू करू दिल्या आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

म्हणजे बघा, गावातल्या माणसाच्या दृष्टीने आजोबांनी केलं तेच नातू करत होता, फक्त मधली काही वर्षं त्याच गोष्टीसाठी पोलीस ठाण्यात नाव लागत होतं. आंबेगावातल्या थापलिंगच्या खंडोबाला नवसाचे गाडे पळवायची रीत कोर्टाच्या तारखा बघून सुरू झालेली नाही. ती बंदी लागल्यावर एका रात्रीत थांबणारीही नव्हती.

मग गुन्हा दाखल कसा होतो? यातच सगळी गोम आहे. शर्यत भरवली म्हणून मुख्यतः दोन कायदे लागतात. एक, वर सांगितलेला १९६० चा कायदा. त्याच्या कलम ११ ची शिक्षा ऐकून हसू येईल. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये. दुसरा कायदा म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम १८८, सरकारी अधिकाऱ्याने रीतसर काढलेला आदेश मोडणे. करोनाच्या काळात साथरोग आणि आपत्ती व्यवस्थापनाचे कायदेही या रांगेत येऊन बसले.

आता आकडेवारीत हे सगळं कुठे जातं? कलम १८८ च्या ढिगात. आणि त्या ढिगात काय नसतं! जमावबंदी मोडणारा मोर्चा, रात्री उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवणारा, मास्क न घालणारा, सगळे एकाच गोणीत. एनसीआरबीचे देशभराचे आकडे बघा: २०१९ मध्ये कलम १८८ खाली २९,४६९ गुन्हे होते, २०२० मध्ये ६,१२,१७९ झाले. लॉकडाऊनचा परिणाम. त्या सव्वासहा लाखांजवळ पोचलेल्या आकड्यात बैलगाड्याचे गुन्हे किती, हे चाळणी लावूनसुद्धा निघणार नाही. शिवाय एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तर मोजणी त्यातल्या सगळ्यात गंभीर कलमाखाली एकदाच होते. म्हणजे प्राणी क्लेशाचं कलम लागलं असलं तरी मोजताना ते दिसेलच असं नाही.

इंग्लंडला हे कसं जमलं? त्यांचे पोलीस फार हुशार आहेत असं नाही. तिथे १९८९ च्या फुटबॉल प्रेक्षक कायद्याने "फुटबॉलशी संबंधित गुन्हा" म्हणजे काय याची व्याख्या केली. सामन्याच्या आधी किती तास, नंतर किती तास, कुठली कलमं, सगळं ठरवून दिलं. व्याख्या आली म्हणून रकाना आला, रकाना आला म्हणून बेरीज आली. आमच्या धंद्यात डेटाबेसचं टेबल करताना जी गोष्ट पहिल्या दिवशी कॉलम म्हणून ठेवली नाही, तिचा रिपोर्ट पाच वर्षांनी मॅनेजर मागतो तेव्हा रात्री जागवाव्या लागतात. तेच हे.

पण तुम्ही म्हणाल, आता तर एफआयआर ऑनलाइन दिसतात! दिसतात. त्याचाही इतिहास मजेशीर आहे. वर्षानुवर्षं एफआयआरची प्रत फुकट मिळण्याचा हक्क फक्त फिर्यादीला होता. आरोपीला ती सहसा कोर्टामार्फत मिळायची, आणि तिसऱ्या माणसाने मागितली तर हवालदार "तुमचा काय संबंध?" असं विचारायचा. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा केला तो केंद्राच्या आधी, आणि त्यासाठी अण्णा हजारेंना २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसावं लागलं. मग देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्यात कलम ६(२) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की अर्जदाराने कारण सांगायची गरज नाही. "तुमचा काय संबंध" हा प्रश्नच कायद्याने बाद केला! (गंमत म्हणजे ब्रिटनचा माहिती स्वातंत्र्य कायदाही २००५ च्या जानेवारीतच पूर्णपणे लागू झाला. ज्यांनी आपल्याला गोपनीयतेचा १९२३ चा कायदा दिला, ते आणि आपण एकाच वर्षी उघडे झालो.)

तरी पोलिसांकडे एक ढाल राहिली, कलम ८(१)(ह). तपासाला अडथळा येईल अशी माहिती देऊ नये. तपास चालू आहे एवढं म्हटलं की अर्ज फेटाळायचा असा पायंडा पडत होता. २००७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग खटल्यात सांगितलं की तपास चालू आहे एवढंच कारण पुरेसं नाही, माहिती दिल्याने अडथळा कसा येईल ते दाखवा. आणि ७ सप्टेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर आदेश दिला की संवेदनशील गुन्हे सोडून प्रत्येक एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाका. १५ नोव्हेंबर २०१६ पासून हे लागू झालं.

म्हणजे २०११ ते २०१६ चे एफआयआर या आदेशाच्या आधीचे. त्यानंतरचे आहेत ते एकेक सुटे. तारीख निवडा, पोलीस ठाणं निवडा (मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा...), कागद उघडा आणि वाचा. त्या कागदावर काय दिसतं? आरोपीचं नाव, वय, गाव. काय दिसत नाही? एकूण किती, त्यातले किती कोर्टात टिकले, किती सुटले. थोडक्यात जी गोष्ट झाकायला हवी ती उघडी, आणि जी उघडी हवी ती झाकलेली.

हा नुसता तात्त्विक वाद नाही. आयटी कंपनीत लागलेल्या प्रत्येकाने बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरलाय. "तुमच्यावर कधी फौजदारी गुन्हा दाखल झाला आहे का?" पुढे होय/नाही असे दोन चौकोन. जत्रेत गाड्याची वेसण धरली म्हणून पन्नास रुपये दंडाच्या गुन्ह्यात नाव आलेल्या पोराने कुठल्या चौकोनात खूण करायची? फॉर्मला ५० रुपये आणि ५० लाखांचा फरक कळत नाही. पोलीस भरती, पासपोर्ट, चारित्र्य पडताळणीचा दाखला, सगळीकडे हाच चौकोन.

शर्यती सुरू झाल्यावर हे गुन्हे मागे घेण्याचं सरकारने जाहीर केलं. तेव्हाचे गृहमंत्री दिलीप वळसे पाटील हे आंबेगावचेच आमदार, त्यामुळे आमच्याकडे या बातमीचा आनंद जरा जास्तच होता. आनंद योग्यच आहे. पण खटला मागे घेणं म्हणजे मंत्र्याने जाहीर केलं आणि पाटी पुसली असं नसतं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ प्रमाणे सरकारी वकिलाने अर्ज करायचा आणि कोर्टाने संमती द्यायची. प्रत्येक खटला वेगळा. मग किती मागे घेतले आणि किती राहिले, हे मोजायला परत तोच रकाना लागतो. ज्याचा खटला निघायचा राहिलाय त्याला पोलीस पडताळणीच्या दिवशीच कळणार.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बैलांचे हाल होतात म्हणून कोर्टात गेलेल्या लोकांनाही हाच आकडा हवा आहे, आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. राज्याच्या दुरुस्तीत बैलाला वेदना दिल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. अटींवरच परवानगी मिळाली आहे. मग २०२१ नंतर किती ठिकाणी अटी मोडल्या, किती गुन्हे झाले, किती शिक्षा झाल्या? "आम्ही नियमाने खेळतो" हे सांगायला गाडामालकाकडे आकडा नाही, आणि "नियम धाब्यावर बसवतात" म्हणायला प्राणीमित्रांकडेही नाही. दोघेही यूट्यूबवरचे व्हिडिओ एकमेकांच्या तोंडावर मारतात.

पोलिसांचे जुने कागद उघडल्याने काय होतं याचं उदाहरण परत फुटबॉलचंच देतो. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरी झाली. मृतांची संख्या पुढे ९७ झाली. दोष दारुड्या प्रेक्षकांचा, अशी बतावणी अनेक वर्षं चालली. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने साडेचार लाखांहून जास्त पानं तपासून लोकांसमोर ठेवली, तेव्हा कळलं की पोलिसांचे १६४ जबाब बदलले होते, आणि त्यातल्या ११६ मधून पोलिसांवर ठपका येईल असा मजकूर काढला किंवा बदलला होता. हे २३ वर्षांनी का होईना कळलं, कारण कागद शिल्लक होते.

आपल्या माहिती अधिकार कायद्यातही एक छान कलम आहे, ८(३). घटनेला २० वर्षं झाली की बहुतेक अपवाद गळून पडतात. तपास, खाजगीपणा, काही सांगता येत नाही (देशाची सुरक्षा, विधिमंडळाचे हक्क आणि मंत्रिमंडळाचे कागद सोडून). म्हणजे २०१४ च्या बैलगाड्याच्या गुन्ह्याचा कागद २०३४ मध्ये कोणालाही मागता येईल. पण तोवर तो राहील का? किरकोळ गुन्ह्यांचे कागद मुदत संपली की नष्ट होतात, आणि मागे घेतलेल्या खटल्याची फाईल जपून ठेवायची गरज कोणाला वाटणार आहे? पेशव्यांच्या काळातलं जुन्नर प्रांताचं एखादं भांडण शोधायचं तर पुण्याला पेशवे दफ्तरात जाऊन मोडी वाचता येते. २०१४ साली त्याच भागात कोणत्या यात्रेत पोलीस आले आणि कोणाचे बैल ताब्यात घेतले, हे वाचायला २०५० मध्ये काही उरेल याची खात्री देता येत नाही. पेशव्यांचे कारकून बोरूने लिहायचे, आपल्याकडे सर्व्हर आहेत. असो.

मला वाटतं मागणी तीनच गोष्टींची हवी आणि त्या अजिबात अवघड नाहीत. एक, एफआयआर नोंदवताना "खेळ/शर्यत" असा एक रकाना आणि वर्षाला तालुकावार बेरीज जाहीर. दोन, जे खटले मागे घेतले किंवा सुटले त्यांच्या ऑनलाइन एफआयआरवरची नावं झाकायची. तीन, त्या दहा वर्षांच्या मूळ कागदांचा एक संच पुराभिलेखागारात द्यायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षण कायद्यामुळे माहिती अधिकारातलं खाजगी माहितीचं कलम आणखी कडक झालंय, त्यामुळे "नावं आहेत म्हणून देता येत नाही" हे उत्तर सोपं होणार आहे. पण बेरीज कोणाची खाजगी नसते. तिला नावही नसतं आणि गावकीही नसते.

यात्रांचा हंगाम येईल, घाट परत भरतील. गावात गेलात तर ज्यांच्यावर तेव्हा गुन्हे लागले त्यांना एकदा विचारा, खटला खरंच निघालाय का? आणि निघाला असेल तर कोर्टाच्या आदेशाची प्रत मागून घरच्या ट्रंकेत ठेवायला सांगा. दफ्तराचं काय होईल ते होवो, निदान तेवढा एक कागद तरी राहील.