सुगरणीचे घरटे आणि विणीचे यश : एका प्रश्नाचा इतिहास

मराठी भाषेने या पक्ष्यास ‘सुगरण’ हे नाव देऊन विणकामाचे सारे श्रेय मादीच्या पदरी टाकले आहे. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या गीतसंग्रहातील सर्वपरिचित कवितेतही खोपा विणणारी आईच आहे. वस्तुतः घरटे विणतो तो नर. मादी ते पारखते. हा भेद केवळ कौतुकाचा विषय नव्हे. घरट्याची रचना व त्याची जागा यांवर विणीचे यश कितपत अवलंबून असते, या प्रश्नाचे स्वरूपच या भेदाने पालटले. तो प्रश्न अभ्यासकांपुढे कसा उभा राहिला, याचा संक्षिप्त मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या १७९० सालच्या दुसऱ्या खंडात दिल्लीच्या अथर अली खान यांचा या पक्ष्यावरील लेख आढळतो. सुगरण आपल्या घरट्यात ओल्या मातीने काजवे चिकटवून रात्री उजेड करते, ही लोकसमजूत त्यात नमूद आहे. घरट्यात मातीचे गोळे असतात हे खरेच. त्यांचे प्रयोजन मात्र कल्पनेने पुरविले गेले. पुढे १८६० नंतरच्या दशकात जर्डन याने आपल्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथात, हे गोळे घरट्याचा तोल सांभाळण्यासाठी व ते वाऱ्याने हेलकावू नये म्हणून असावेत, असे मत मांडले. हे मत अंतिम मानण्याचे कारण नाही. परंतु घरट्याचा एखादा विशेष त्याच्या टिकाऊपणाशी जोडून पाहण्याची दृष्टी येथे प्रथमच स्पष्ट दिसते.

यानंतरचा कालखंड संग्राहकांचा होय. ह्यूम याने १८७३ ते १८७५ या काळात भारतीय पक्ष्यांची घरटी व अंडी यांविषयीचा ग्रंथ सिद्ध केला. ठिकठिकाणच्या निरीक्षकांनी कळविलेली माहिती त्यात एकत्र केलेली आहे. घरटे कोणत्या झाडावर होते, किती उंचीवर होते, अंडी किती व कोणत्या रंगाची होती, याची नोंद त्या परंपरेने कसोशीने ठेवली. तथापि या पद्धतीत एक मूलभूत उणीव होती. जे अंडे संग्राहकाच्या पेटीत गेले, त्यातून पिलू बाहेर पडले असते की नाही, हे कळण्याचा मार्गच उरत नसे. घरट्याचे वर्णन हाती येई; त्याचे फलित हाती येत नसे.

हे फलित कळण्यासाठी घरटे जागेवर ठेवून दिवसेंदिवस पाहत राहणे आवश्यक होते. ते काम कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील किहीम येथे झाले. बर्लिनमध्ये स्ट्रेझेमान यांच्याकडे शिक्षण घेऊन सालिम अली १९३० साली परतले, तेव्हा त्यांची मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील जागाच रद्द झाली होती. त्या सक्तीच्या रिकामपणात त्यांनी किहीमच्या पावसाळ्यात सुगरणींच्या एका वसाहतीचे निरीक्षण केले. त्यावरील निबंध १९३१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यातून दिसून आलेला क्रम असा : नर घरटे अर्ध्यापर्यंत, म्हणजे शिरस्त्राणासारखा आकार येईपर्यंत, विणतो. मग माद्या येऊन ती अर्धवट घरटी तपासतात. पसंत पडलेले घरटे मादी ताब्यात घेते, आणि त्यानंतरच नर त्याची प्रवेशनळी पुरी करतो. मादी अंडी उबवू लागली की नर दुसऱ्या घरट्यास आरंभ करतो. नापसंत घरटी तशीच अपुरी राहतात. नराची संतती अशा रीतीने घरट्याच्या पसंतीवर अवलंबून असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मादी निवड करते तेव्हा लांब नळी अस्तित्वातच नसते. आपण ज्या कारागिरीची वाखाणणी करतो, तिचा मोठा भाग निवडीनंतरचा आहे. त्या क्षणी पूर्णपणे निश्चित झालेली असते ती जागा : कोणते झाड, किती उंची, कोणती फांदी. तेव्हा तिची पारख मुख्यतः जागेची असावी, असे अनुमान सहज निघते.

पुढील संशोधन या अनुमानास पोषक ठरले. १९६४ साली मुंबई विद्यापीठाने व्ही. सी. आंबेडकर यांचा भारतीय सुगरण पक्ष्यांच्या विणीवरील प्रबंध प्रसिद्ध केला व या अभ्यासास विस्तृत पाया मिळाला. घरटी बहुधा झाडाच्या पूर्वेकडील बाजूस आढळतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून आडोसा, हे त्याचे कारण मानले जाते. २००५ साली सुहेल क्वादर यांनी दाखविले की, मादीच्या निवडीत घरट्याच्या बांधणीपेक्षा त्याच्या जागेस अधिक महत्त्व असते; उंचावरील, बारीक फांदीस लटकलेली व कोरड्या जमिनीवरील घरटी तिला अधिक पसंत पडतात. पाण्यावर लोंबणारी घरटीच सर्वांत सुरक्षित, या रूढ समजुतीशी यातील शेवटचा निष्कर्ष जुळत नाही, हे विशेष. या निवडीपासून मादीस होणारा लाभ हा त्यांच्या २००६ सालच्या निबंधाचा विषय झाला.

या इतिहासावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. विणीच्या यशाचा अभ्यास करावयाचा तर फसलेल्या, टाकून दिलेल्या व उंदीर-सरड्यांनी लुटलेल्या घरट्यांचीही नोंद सफल घरट्यांइतक्याच काळजीने ठेवली पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. विणण्याचे कौशल्य पक्ष्याजवळ असते; उंच शिंदी, ताड वा बांधावरची काटेरी बाभूळ मात्र त्यास भूमीकडून मिळावी लागते. ती तोडली गेली, तर नराच्या अंगची कारागिरी तिची उणीव भरून काढू शकत नाही. म्हणून सुगरणीच्या संरक्षणाचा विचार खोप्यापासून नव्हे, तर तो धरून ठेवणाऱ्या झाडापासून सुरू झाला पाहिजे.